बिनवासाची फरशी

हेडबाईंचं म्हणणं असं, की खोली पुसली की तिने ते बोलून दाखवलं पाहिजे. दार उघडणाऱ्याला पहिल्या श्वासातच कळलं पाहिजे, की इथे कुणीतरी घाम गाळून गेलंय. नाहीतर पुसलेल्या आणि न पुसलेल्या खोलीत फरक तो काय राहिला? एका मोठ्या हॉटेलात साफसफाई खात्याच्या प्रमुख म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. हाताखालच्या पोरी त्यांना हेडबाई म्हणायच्या. निवृत्त झाल्यावरही ते नाव त्यांना असं चिकटून राहिलं, की इमारतीचा वॉचमन, दूधवाला आणि कधीकधी चुकून त्यांचे यजमानसुद्धा त्यांना हेडबाईच म्हणत.

हॉटेलात त्यांची तपासणीची एक रीत होती. खोलीत शिरायचं नाही. दार बोटभर उघडायचं, फटीला नाक लावायचं आणि एक लांब श्वास घ्यायचा. वास आला, तर आत जाऊन बाकीचं बघायचं. नाही आला, तर तिथूनच त्या पोरीला हाक मारायची आणि बादली पुन्हा भरायला लावायची.

"हेडबाई, आईशप्पथ पुसलंय हो," पोरगी रडकुंडीला यायची.

"मला नको सांगूस. फरशीला सांगायला लाव," हेडबाई म्हणायच्या आणि पुढच्या दाराकडे वळायच्या.

निवृत्त होऊन त्या घरी आल्या, त्या ही रीत घेऊनच. सोबत फिनाईलही आलं. हॉटेलला माल पुरवणारा माणूस जुन्या ओळखीखातर त्यांच्या घरी कॅन पोचता करायचा. पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होणारं, देवदाराच्या वासाचं, एकदम कडक. हॉटेलात बादलीला एक झाकण असं प्रमाण होतं. घरी हेडबाई दोन टाकत. आपल्याच घरात हात आखडता कशाला घ्यायचा, असा त्यांचा सवाल होता. आणि फरशी दिवसातून एकदा पुसून त्यांचा जीव शांत व्हायचा नाही, त्यामुळे संध्याकाळीही एक हात फिरायचा.

यजमान घड्याळजी होते. बाजारातलं दुकान त्यांनी कधीच विकलं होतं, पण जुनी गिऱ्हाइकं घरी यायची आणि ते खिडकीपाशी टेबल टाकून, एका डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायचे. भिंगाच्या डोळ्यातून पाणी, बिनभिंगाच्या डोळ्यातूनही पाणी. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय हा मायेचा माणूस, आपलं बंद पडलेलं घड्याळ बघून याला रडू येतं. धाकटी नणंद एकदा नाकाला पदर लावून म्हणाली, "वहिनी, तुझ्याकडे आलं ना, की ऑपरेशनला आल्यासारखं वाटतं." हेडबाईंनी ती गोष्ट पुढे कितीतरी जणांना कौतुकाने सांगितली.

आता मुकादमाबद्दल. मुकादम हा बोका होता. करड्या अंगाचा, छातीवर पांढरा ठिपका असलेला. कुणी त्याला आणला नाही, पाळला नाही. एके दिवशी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आला, दोन्ही खोल्यांतून सावकाश चक्कर मारली, प्रत्येक कोपऱ्यात थांबून पाहिलं आणि टेबलाखाली बसला. "कामाची पाहणी करायला मुकादम आलाय," यजमान म्हणाले, आणि नाव पडलं.

"घरात मांजर? केस पडतील," हेडबाई कडाडल्या. "आत्ताच्या आत्ता बाहेर!"

यजमान मान खाली घालून घड्याळात बघत राहिले. मुकादम हेडबाईंकडे बघत राहिला. लग्नानंतर इतक्या वर्षांत हेडबाईंकडे असं रोखून बघायची हिंमत कुणी केली नव्हती, त्यामुळे त्या जरा गडबडल्याच. "उद्या बघू," त्या म्हणाल्या.

उद्या काही बघितलं गेलं नाही. उलट असं झालं, की हेडबाई फरशी पुसत मागे मागे सरकायच्या आणि मुकादम ओल्या फरशीच्या कडेकडेने त्यांच्या मागे यायचा, मधेच थांबायचा, एका ठिकाणी नाक लावायचा. हेडबाई तिथे पुन्हा एकदा फडकं मारायच्या. "झालं समाधान?" असं विचारायच्या. उभ्या हयातीत त्या इतरांचं काम तपासत आल्या होत्या, त्यांचं स्वतःचं काम कुणी एवढ्या बारकाईने तपासलं नव्हतं. त्यांना ते फार आवडलं. दुपारी त्या आडव्या झाल्या की तो त्यांच्या पावलांवर येऊन झोपायचा. पायांना मुंग्या यायच्या, पण हेडबाई कूस बदलत नसत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, यजमानांना तर मुळीच नाही. त्यांच्या लेखी हेडबाईंना मांजर आवडत नव्हतं.

आणि मग मुकादम बिघडला. आधी तो चालताना पंजा झटकू लागला, पाण्यात पाय पडल्यासारखा. मग त्याच्या हनुवटीवरून लाळ गळू लागली. लाळेचे थेंब फरशीवर पडायचे, म्हणून हेडबाईंनी फिनाईलचं आणखी एक झाकण वाढवलं. तिसऱ्या झाकणानंतर मुकादम घर सोडून गेला.

दूर नाही गेला. समोरच्या दारात गेला.

समोर एक बाहुल्या करणारी बाई राहायची. चाळिशीतली, एकटी, मोठ्याने हसणारी. नाटक कंपन्यांसाठी ती दोरीवर नाचणाऱ्या कापडी बाहुल्या शिवायची. तिच्या घरात जमीन कुठे आहे हे शोधावं लागायचं. चिंध्यांचे ढीग, लाकडाचा भुसा, बिनमुंडक्याची धडं, बिनधडाची मुंडकी, पातेल्यात कणकेची खळ आणि भिंतीला टेकून माणसाएवढा उंच कापसाचा डोंगर. हेडबाई तिच्या दारावरून जाताना श्वास रोखून धरायच्या. दार उघडं असलं तर डोळेही मिटायच्या.

त्याच कापसाच्या डोंगरावर मुकादम पाय पसरून झोपला होता.

"काकू, या ना!" बाहुलीवाली दोऱ्याची टोकं दातात धरूनच म्हणाली. "सकाळपासून इथेच आहे. मी म्हटलं, काका-काकूंशी भांडलाय की काय."

हेडबाई उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. अख्ख्या मजल्यावर स्वच्छ म्हणावं असं घर एक, आणि हा नालायक ते सोडून या उकिरड्यात येऊन पडतो? "मुकादम," त्यांनी हॉटेलातला आवाज काढला. या आवाजावर पोरी जिने धावत चढायच्या. मुकादमाने एक कान हलवला. शेवटी हेडबाई चिंध्या तुडवत आत गेल्या, त्याला उचलून घरी घेऊन आल्या आणि दार लावून घेतलं. तो एका उडीत कपाटावर चढला आणि तिथून खाली उतरेना. खाणं खाली, तो वर. संध्याकाळी यजमानांनी स्टुलावर चढून त्याला खाली काढलं, तेव्हा त्यांना त्याचे पंजे दिसले. तळव्यांच्या गाद्या लालभडक झाल्या होत्या.

"अगं, हे बघ," ते म्हणाले. एरवी त्यांचा आवाज टेबलाच्या पलीकडे जायचा नाही, आज गेला. "याला डॉक्टरकडे न्यायचं. आत्ता."

जनावरांची डॉक्टर ही आडव्या बांध्याची, कमी बोलणारी बाई होती. हेडबाई पिशवीतून मुकादमाला टेबलावर काढू लागल्या, तेवढ्यात डॉक्टरने नाक वर करून दोनदा हुंगलं.

"हा वास मांजराचा की तुमचा?"

"कसला वास?" हेडबाईंनी विचारलं. त्यांना तो कधीचा येईनासा झाला होता.

"फिनाईलचा."

"तो स्वच्छतेचा आहे," हेडबाई ताठ मानेने म्हणाल्या.

डॉक्टरने मुकादमाचा पंजा उलटा करून पाहिला, तोंड उघडून जीभ पाहिली. जिभेवर चट्टे होते. "बाई, तुम्ही घरात चालता आणि मग बसून तळपाय चाटता का?"

"हा काय प्रश्न झाला?"

"हा चाटतो. दिवसभर चाटतो, त्याची आंघोळच ती. तुम्ही फरशीवर जे ओतता, ते आधी याच्या पायाला लागतं आणि मग याच्या पोटात जातं. माणसाचं यकृत ते कसंबसं निस्तरतं. मांजराच्या यकृताला ते जमत नाही."

"म्हणजे मी त्याला..."

"फिनाईल पाजताय. रोज, थोडं थोडं."

हेडबाई खुर्चीवर बसल्या. आपली पर्स त्यांनी मांडीवर घेतली, उघडली, आत बघितलं, बंद केली. पुन्हा उघडली. त्यांना काही शोधायचं नव्हतं. यजमानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांनी तो झटकला नाही, यावरून काय ते ओळखावं.

डॉक्टरने कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने पंजे धुतले, इंजेक्शन दिलं, औषध दिलं. "वाचेल. वेळेत आणलंत. खरं म्हणजे यानेच वेळेत घर सोडलं. घरातला वास पुरता जाईपर्यंत याला दुसरीकडे ठेवा."

"आणि फरशी कशाने पुसायची?" हेडबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"गरम पाण्याने. फार तर साध्या साबणाचा एक थेंब, आणि मग नुसत्या पाण्याने पुन्हा एक हात. डाग पडला तर पाण्यात जरासं व्हिनेगर. बस्स."

हेडबाईंनी मान डोलावली. पण परतीच्या वाटेवर रिक्षातच त्यांची मान पुन्हा ताठ झाली. औषधपाणी हा डॉक्टरचा प्रांत, तिथे तिचं ऐकायचं. फरशी हा आपला प्रांत. नुसत्या गरम पाण्याने पेला विसळतात, घर पुसत नाहीत. रसायन नको ना? ठीक आहे, नको. निसर्गात काय वासाला तोटा आहे?

घरी येताच त्यांनी झाडून सगळं काढलं. फिनाईलचा कॅन, संडासातल्या निळ्या वड्या, झुरळांवर मारायचा फवारा, कपाटातल्या डांबरगोळ्या. माल पुरवणाऱ्याला बोलावून कॅन परत दिला. "माल हलका निघाला का हेडबाई?" त्याने घाबरून विचारलं. "नाही रे बाबा, फार भारी निघाला," हेडबाई म्हणाल्या आणि दार लावलं.

मुकादम तेवढ्या दिवसांपुरता बाहुलीवालीकडे गेला. हेडबाई सकाळ-संध्याकाळ औषध पाजायला जायच्या. आता श्वास रोखायची सोय नव्हती, कारण बाहुलीवाली गप्पा मारायची आणि उत्तर द्यावं लागायचं. कापसावर पडून पडून मुकादम बरा होत गेला. लाळ थांबली, पंजे गुलाबी झाले, आणि एका सकाळी त्याने औषधाची पिचकारी बघून हेडबाईंच्या हातावर चांगला ओरखडा काढला. हेडबाईंनी तो यजमानांना अभिमानाने दाखवला.

त्याच दिवशी बाहुलीवाली कशिदा बाजूला ठेवून म्हणाली, "काकू, एक बोलू का? राग मानू नका. महिनाअखेर मी जागा सोडतेय. नाटक कंपनीने त्यांच्या गावी मला कायमचं काम दिलंय." ती जरा घुटमळली. "मुकादमला नेऊ का बरोबर? रुळलाय तो माझ्याकडे. आणि खरं सांगू? त्याला परत तुमच्याकडे सोडायची मला भीतीच वाटते."

हेडबाई मुकादमाच्या पाठीवरचा कापूस वेचू लागल्या. भांडायला काही जागाच नव्हती. बाई खरं बोलत होती.

"त्याचं त्यालाच ठरवू दे ना," मागे उभे असलेले यजमान म्हणाले. "जायच्या दिवशी दोन्ही दारं उघडी ठेवू. ज्या घरात जाऊन बसेल, त्या घरचा."

"वा!" हेडबाई घरी आल्यावर त्यांच्यावर घसरल्या. "मतदानच घ्या आता! आणि तो माझ्या बाजूने मत देणार आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मग दे त्याला कारण," यजमान म्हणाले आणि भिंग लावलं.

दुपारी हेडबाई आडव्या झाल्या, पण त्यांना झोप येईना. पाय गार पडले होते. त्यांना मुकादम हवा होता. यजमानांच्या सोबतीला वगैरे नव्हे, त्यांना स्वतःला हवा होता, आणि तो आपल्याच हातून गेला ही गोष्ट त्यांना सोसवत नव्हती. डोळ्यांना पदर लावून त्या थोडा वेळ रडल्या. मग उठल्या आणि संत्री आणायला गेल्या.

घरात सालींचा कारखाना सुरू झाला. संत्र्याच्या साली, लिंबाच्या साली, सगळं व्हिनेगरमध्ये बुडवून बरण्या भरल्या. यजमानांना दोन्ही वेळ संत्री सोलून मिळू लागली. शेवटी त्यांनी हात जोडले. बरण्यांतलं पाणी गाळून हेडबाईंनी फरशी पुसली, दार बोटभर उघडून फटीला नाक लावलं आणि खूश झाल्या. सरबताच्या दुकानासारखा घमघमाट सुटला होता. त्यांनी समोरून मुकादमाला आणून उंबऱ्याबाहेर ठेवलं.

मुकादमाने मान पुढे केली. त्याचं नाक आक्रसलं, कान मागे गेले. तो एकदा शिंकला, हेडबाईंकडे अत्यंत दुखावलेल्या नजरेने बघितलं आणि आल्या पावली परत गेला.

"लिंबू नाही आवडत, तर नाही आवडत. आवडीनिवडी असतात," हेडबाई म्हणाल्या आणि निलगिरीचं तेल आणलं. शिवाय लवंगाचं. शिवाय गवती चहाचं, कारण दुकानदार म्हणाला ते अगदी शुद्ध आहे, थेट झाडातून काढलेलं. तीनही बादलीत टाकून त्यांनी घर पुसलं. यजमानांचं बारा महिने चोंदलेलं नाक उघडलं, ते आनंदाने "अरे वा" म्हणाले, आणि पाच मिनिटांनी डोकं धरून गॅलरीत जाऊन बसले. हेडबाईंनी आता मात्र एक शहाणपणा केला. मुकादमाला आणण्याआधी त्यांनी डॉक्टरला फोन लावला. सल्ला विचारायला नव्हे, शाबासकी घ्यायला.

"डॉक्टर, सगळी रसायनं बंद केली. आता फक्त निलगिरी, लवंग आणि गवती चहाचं तेल. सगळं नैसर्गिक."

मग डॉक्टर म्हणाली, "मांजर आत आहे?"

"नाही. अजून..."

"आणू नका! अहो बाई, ही तेलं मांजराला तेवढीच वाईट. तेच चाटणार, तेच यकृतात जाणार. नैसर्गिक म्हणे! धोत्र्याचं फळ काय कारखान्यात तयार होतं? मी तुम्हाला गरम पाणी सांगितलं होतं. सांगितलं होतं की नाही?"

"होतं. पण त्याला वास नसतो."

"वास कशाला हवाय?"

"अहो, वास नसेल तर पुसलंय हे कळणार कसं?"

"कुणाला कळायला हवंय?" डॉक्टरने विचारलं. तिला तसं घालूनपाडून बोलायचं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

हेडबाईंनी फोन ठेवला. कुणाला? हॉटेलात त्यांना पाहुण्यांसमोर यायला मनाई होती. पाहुणा बाहेर गेला की आत जायचं, तो परतायच्या आधी निघून जायचं, समोर आलाच तर भिंतीला चिकटून वाट द्यायची. एवढ्या वर्षांत त्या कशा दिसतात हे एकाही पाहुण्याला माहीत झालं नाही. पण दार उघडल्यावर पाहुणा थबकायचा, छातीभर श्वास घ्यायचा आणि "अहा, काय स्वच्छ!" म्हणायचा. जिन्याच्या वळणावर उभं राहून हेडबाई ते ऐकायच्या. तेवढी एकच गोष्ट त्या मागे ठेवून जायच्या. घरी तरी काय वेगळं होतं? केर निघतो, फरशी लख्ख होते, आणि पेपरातून डोकं वर काढून "छान पुसलंस हं" असं कोण म्हणतं? वास म्हणायचा. आणि आता त्यांना सांगण्यात येत होतं, की काम करा, पण मागे काहीच ठेवू नका.

"माझ्याच्याने नाही होणार," त्या भिंतीला म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

बाहुलीवालीच्या जाण्याचा दिवस उजाडला. यजमान सकाळीच चहा घेऊन तिच्याकडे सामान बांधायला गेले. बाहुल्यांच्या दोऱ्या न गुंतवता गुंडाळायच्या, म्हणजे बारीक कामाची सवय असलेला हात हवा, असं ती म्हणाली होती. ते गेले तसं हेडबाईंनी घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि पदर खोचला.

गरम पाणी. साबणाचा थेंब. मग नुसतं पाणी, मग पुन्हा नुसतं पाणी. काठीचं फडकं त्यांनी कोपऱ्यात ठेवलं आणि गुडघ्यांवर बसल्या, कारण तेलाचा चिकटा हातानेच सुटतो. पलंगाखाली गेल्या, कपाटामागे गेल्या, टेबलाच्या पायांचे खळगे बोटाने पुसले. तिथे त्यांना यजमानांचे तीन हरवलेले स्क्रू मिळाले. फडकी बदलली, पाणी बदललं, बादलीतलं पाणी स्वच्छच्या स्वच्छ राहीपर्यंत पुसत राहिल्या. भिंतीचा तळ पुसला. दाराची चौकट पुसली. गुडघे ठणकू लागले, कंबर धरली. शेवटी कोरडं फडकं फिरवून त्या बाहेर आल्या, दार ओढून घेतलं, बोटभर उघडलं आणि फटीला नाक लावलं.

काहीच नाही. हॉटेलातल्या पोरीला त्यांनी इथूनच परत पाठवलं असतं.

समोर हमाल खोकी उतरवत होते. कापसाचा डोंगर पोत्यांत गेला होता, चिंध्या गाठोड्यांत, आणि मुकादम दोन्ही दारांच्या मधे, भर वाटेत बसला होता. हमाल त्याला ओलांडून जात होते. त्याला अर्थातच घाई नव्हती. आपल्यावरून एवढं काही चाललंय हे माहीत असल्यासारखा तो मान वळवून पाठ चाटत होता.

"बोलवायचं नाही हं कुणी," बाहुलीवाली म्हणाली. तिच्या हातात टोपली होती, आत मऊ चादर घातलेली.

"छे छे," यजमान म्हणाले.

"तुमच्या खिशाला माशाचा वास येतोय," हेडबाई त्यांना हळूच म्हणाल्या.

"तो कालचा आहे," यजमान म्हणाले आणि खिशावर हात ठेवून लाजले. त्यांना तो तुकडा हमालाला द्यावा लागला.

मुकादम उठला. तो बाहुलीवालीच्या घरात गेला. हेडबाईंनी भिंतीला पाठ टेकली. आत रिकाम्या खोलीत तो फिरला, कापूस असायचा त्या कोपऱ्यात जरा उभा राहिला, बाहेर आला. टोपलीत डोकावला. मग हेडबाईंच्या उंबऱ्यावर आला आणि थांबला.

त्याने एक पंजा आत टेकला. उचलला. हुंगला. चाटला. हेडबाईंनी डोळे मिटून घेतले आणि लगेच उघडले. त्याने दुसरा पंजा टेकला आणि आत गेला. त्या उंबऱ्यातून बघत राहिल्या. तो पलंगाखाली गेला, कपाटामागे गेला, टेबलाच्या चारी पायांपाशी थांबला, स्वयंपाकघरात जाऊन आला. पूर्वीसारखीच पाहणी, पण आता तो फरशीच्या कडेने चालत नव्हता, मधोमध चालत होता. मग खोलीच्या ऐन मध्यावर तो धपकन आडवा झाला, पोट वर केलं आणि चारी पाय ताणून दिले.

बाहुलीवालीने नाक ओढलं. "हरले बाई," ती हसून म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. टोपली तिने हेडबाईंच्या हातात दिली. "ही ठेवा. चादरीला त्याची सवय आहे." हेडबाईंनी टोपली घेतली आणि मग काय वाटलं कोण जाणे, तिला जवळ ओढून घट्ट मिठी मारली. तिच्या केसांत भुसा होता. तो हेडबाईंच्या पदराला लागला तो लागलाच.

यजमान टेम्पोपर्यंत तिला सोडायला गेले. हेडबाई आत येऊन पलंगाच्या कडेला बसल्या. मुकादम उठून बसला होता आणि पंजे चाटत होता. एकेक बोट फाकवून, सगळीकडून, अगदी मन लावून. हेडबाई प्रत्येक चाटण्याकडे बघत होत्या. त्याची जीभ गुलाबी होती. पंजे गुलाबी होते. त्याने चौथा पंजा संपवला, जांभई दिली आणि त्यांच्या ठणकणाऱ्या पावलांवर येऊन झोपला.

जिन्यात पावलं वाजली. यजमान आत आले, चपला काढल्या, दारातच थांबले. त्यांनी नाकाने श्वास घेतला, मग आणखी एकदा घेतला आणि बायकोकडे जरा काळजीने पाहिलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"अगं, आज फरशी पुसायची राहिली वाटतं?"

हेडबाईंच्या ओठांवर पुरतं एक भाषण आलं. पातेलं, गुडघे, कपाटामागची जागा, ते तीन स्क्रू. त्यांनी पायाशी झोपलेल्या मुकादमाकडे पाहिलं. तो घोरत होता.

"हो," त्या म्हणाल्या. "राहिली."

"राहू दे गं," यजमान म्हणाले आणि अनवाणी चालत टेबलाकडे गेले. "एक दिवस नाही पुसली, तर काही बिघडत नाही."

"नाही बिघडत," हेडबाई म्हणाल्या, आणि पाय मुळीच न हलवता तशाच बसून राहिल्या.